उजवीकडून चालणारं बोट

आमच्या लहानपणी शाळा उर्दूत होती, हे नातवंडांना खरं वाटत नाही. निजामाचं राज्य होतं, कचेरीची भाषा उर्दू, म्हणून शाळेचीही उर्दू. बापानं मला दोन वर्षं शाळेत घातलं. लाकडी तख्ती असायची. तिला मुलतानी माती सारवायची, उन्हात वाळवायची आणि बोरूनं अलिफ बे लिहायचं. उजवीकडून डावीकडं. माझं अक्षर वळणदार होतं. मास्तर माझी तख्ती उचलून दुसऱ्या पोरांना दाखवायचे. त्या दोन वर्षांवर मी पुढं किती वर्षं काढली, ते पुढं येईलच.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. शाळा काही दिवस बंद राहिली. पुन्हा उघडली तेव्हा मास्तर नवे, भिंतीवरचा तक्ता नवा, आणि मला सांगितलं की ग म भ न पासून बस. शेजारी कोण, तर नाक पुसता न येणारी पोरं. मला मिसरूड फुटायच्या बेतात होती. मी पाटी घेतली, उठलो, आणि घरी आलो ते आलोच.

बापानं विचारलं, "कामून जात न्हाईस?"

म्हणालो, "माझं शिकून झालंय."

बापाला अक्षर येत नव्हतं. त्याला ते पटलं. त्यानं गावात सांगितलं, गावालाही पटलं. त्या दिवसांत उर्दू येतं असं बोलायची सोय नव्हती. लोक वेगळ्या नजरेनं बघायचे. म्हणून जे येत होतं ते मी झाकून ठेवलं, आणि जे येत नव्हतं ते येतं असं लोकांनी धरलं तर धरू दिलं. मराठीत सही करायला तेवढा शिकलो, तीही चित्र काढल्यासारखी. पारावर लोक म्हणायचे, "तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा." हा शब्द मला लई आवडायचा. शिकलेले. माझ्याबरोबरीच्या कुणाला कुणी असं म्हणत नव्हतं.

हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. नात काना-मात्रा बघते. पण तिला म्हणालो, शब्द बदलायचा नाही.

आमचं गाव रेणापूरपासून पायी जाण्याच्या अंतरावर. मोठा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या विहिरीत पोहरा सोडला की तळाचा दगड वाजायचा. सरकारनं रस्त्याचं काम काढलं. खडी फोडायची. गाव सगळं तिथंच. ज्यांची चाळीस एकर होती तेही आणि ज्यांची वीतभर नव्हती तेही. हातोडा सगळ्यांचा सारखाच, दगडही सारखाच. पण लिंबाच्या झाडाखाली पाण्याचे रांजण दोन होते. एक आमचा, शेतकऱ्यांचा. दुसरा बौद्धवाड्यातल्या लोकांचा. दोन्हींत पाणी एकाच टँकरचं. हे तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. म्हणजे मला वाटलं नाही. त्यांना काय वाटायचं ते मी विचारलं नव्हतं.

कामावर एक कारकून होता. त्याच्या पालात ट्रान्झिस्टर असायचा. लातूरहून ट्रक आला की ड्रायव्हर त्याला पेपर आणून द्यायचा. कारकुनाचा वाचून झाला की तो पेपर दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत आमच्याकडं यायचा, आणि कुणीतरी म्हणायचं, "द्या शिकलेल्याकडं."

पहिल्या दिवशी पेपर हातात आला. पन्नास तोंडं माझ्याकडं बघत होती. त्यांत माझी मंडळीही होती, मांडीवर आमची वर्षाची पोर घेऊन. पेपर त्यांनी मागितला होता, पण त्यांना हवं होतं ते एवढंच: पाऊस कधी, कामावर खायला मिळणारी सुकडी वाढणार का, काम बंद तर पडत नाही ना. आणि सकाळी कारकुनाच्या पालाजवळ हातोडा घासत बसताना मी रेडिओच्या बातम्या ऐकलेल्या होत्या. मी पेपर पसरला, त्यावर बोट ठेवलं आणि सकाळी ऐकलेलं सांगू लागलो. कुणाला शंका आली नाही. उलट म्हातारे म्हणाले, "काय झरझर वाचतो गडी."

असं रोज चाललं. ज्या दिवशी रेडिओ ऐकायला मिळायचा नाही त्या दिवशी मी जुळवून सांगायचो. थोडंसंच. कुठं तरी ढग आलेत, कुठं तरी धान्याची गाडी निघालीय. बोट पेपरावरून चालवत राहायचो, म्हणजे वाचल्यासारखं दिसावं.

त्या उन्हाळ्यात लेकरांना गोवर निघाला. एका दुपारी बायका म्हणाल्या, "अवं, डाक्टरचं काय आलंय का बघा की पेपरात." त्यांची तोंडं पार सुकलेली होती. मी पेपर उलटला, सुलटला, बोट फिरवलं आणि म्हणालो, "आलंय तर. बाजारानंतर डाक्टरची गाडी येनार हाय. आपल्याच कामावर."

बायकांची तोंडं खुलली. एकजण मला म्हणाली, "देव भलं करो तुमचं." गाडी जणू मीच पाठवली होती. मला बरं वाटलं. खोटं काय सांगायचं, फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या पोरीला ताप भरला. अंगावर पुरळ उठलं. बाजार झाला, गाडी आली नाही. पोर डोळे उघडेना. मी मंडळीला म्हणालो, "रेनापूरला नेऊ या दवाखान्यात."

ती म्हणाली, "आन् इकडं डाक्टर आला तर? वाटंत उन्हानं मरंल ती. तुम्हीच वाचलं ना, गाडी येनार हाय म्हणून?"

आता बोलायचं होतं. जीभ तोंडात होती, माणूसही जवळ दुसरं कुणी नव्हतं. म्हणायचं, अगं, ते मी माझ्या मनचं सांगितलं. एवढंच. मी म्हणालो, "बघू आजचा दिवस."

तो दिवस गेला. पुढच्या दुपारी पेपर आला आणि रोजच्यासारखा माझ्या हातात पडला. मंडळी समोरच बसली होती, पोरीच्या डोक्यावर ओला पदर घालून. मी बोट टेकवलं आणि सुरू केलं.

बौद्धवाड्यातली एक पोरगी आईबरोबर खडी फोडायला यायची. पंधराएक वर्षांची असेल. सातवी झालेली, बोलायला तिखट. ती त्यांच्या रांजणावर पाणी भरायला आली होती. घागर तशीच धरून उभी राहिली, माझ्या हाताकडं बघत.

"काका," ती म्हणाली, "तुमचं बोट उलटं चालून राहिलंय."

मी बोट उचललं. तोवर मला स्वतःलाच माहीत नव्हतं. दोन वर्षं तख्तीवर फिरलेलं बोट होतं ते. ओळीवर ठेवलं की उजवीकडून निघायचं आणि डावीकडं जायचं. इतके दिवस मी सगळ्यांसमोर मराठी पेपर उजवीकडून वाचत होतो.

बायकांनी पदर तोंडाला लावले. मला राग आला. राग आला म्हणजे सुटका झाल्यासारखं वाटतं, तसं वाटलं.

"तू मला शिकवतीस?" मी म्हणालो. "वाचायची एवढी हौस आसंल तर आपल्या वाड्यात जाऊन वाचावं."

"वाचतो की आमी," ती म्हणाली. "सरळ बाजूनं."

या वेळी गडीमाणसंही हसली. हसली नाही ती एक माझी मंडळी. ती त्या पोरीकडं बघत होती. तिनं हाक मारली, "पोरी, त्यात डाक्टरच्या गाडीचं कुठं काय लिवलंय का, बघ गं."

पोरगी पुढं आली. मी तिला पेपर हातात दिला नाही. तशी रीत नव्हती. आमच्यातल्या माणसानं त्यांच्या हातात काही द्यायचं नाही. खाली ठेवायचं, मग त्यांनी उचलायचं. मी पेपर खाली फुफाट्यात ठेवला. जरा टाकलाच. तिनं उचलला, झटकला आणि दोन्ही अंगांनी सगळा वाचला. सावकाश. ओठ हलत होते.

"न्हाई काकी," ती म्हणाली. "डाक्टरचं कुठंच न्हाई."

मंडळी उठली. पोरीला खांद्यावर टाकलं आणि उन्हातून खडीच्या ट्रककडं निघाली. मागं वळून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ड्रायव्हरनं तिला वर घेतलं. ट्रक रेणापूरच्या वाटेला लागला आणि मी फुफाट्यात पडलेल्या माझ्या सावलीकडं बघत राहिलो. मागं ती पोरगी पुढची बातमी मोठ्यानं वाचत होती. तिच्या माणसांच्या बाजूला बसून. ऐकत होते मात्र दोन्ही बाजूंचे. रांजण दोन असले तरी आवाज एकच होता.

पोर वाचली. दवाखान्यात आठवडाभर राहून घरी आली. मंडळीनं मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त म्हणाली, "ट्रकात बसताना माहूरच्या देवीला बोलले हाय. पोर घेऊन घरी आले तर ओटी भरीन म्हणून."

"भरू की," मी म्हणालो.

पाऊस पडला, विहिरींना पाणी आलं, आणि मी ती ओटी पुढं ढकलू लागलो. माहूर तिकडं पार नांदेड जिल्ह्याच्या टोकाला. आधी लातूर, मग नांदेड, तिथून माहूर. तीन गाड्या धरायच्या, तीन ठिकाणी पाट्या वाचायच्या. गावातून दर वर्षी माणसं जायची, पण त्यांच्यात जायचं म्हणजे नांदेडच्या स्टँडवर कुणीतरी म्हणणारच, शिकलेल्याला पुढं करा. खडीच्या कामावर जे झालं ते लोक विसरले होते. निदान माझ्या तोंडावर तरी विसरले होते. पाऊस पडल्यावर पारावर मी पुन्हा शिकलेला झालो होतो. म्हणून यंदा पेरणी, यंदा मळणी, यंदा बैल आजारी. मंडळी ऐकून घ्यायची. ओटीचा हिरवा खण तिनं घेऊन पेटीत ठेवला होता. वर्षातून एकदा बाहेर काढायची, उन्हात घालायची आणि पुन्हा ठेवायची.

आमची पोरगी मोठी होऊन शाळेत जाऊ लागली. आणि आमचा जिल्हा बदलला. लातूर नवा जिल्हा झाला. जिल्ह्याच्या गावाला जायचं म्हणजे आधी दिवस मोडायचा, आता सकाळी जाऊन दुपारी माघारी यायचं. गावात आनंद झाला. वेशीवरच्या पाटीवर जुना जिल्हा होता, तो खोडून नवा लिहायला लातूरहून पेंटर आला. सगळी पाटीच नव्यानं पांढरी केली होती त्यानं. गाव बघायला जमलं. पेंटरनं खाली बसून आधी खालची ओळ घेतली. चांगली ठसठशीत निळी अक्षरं. मग तो बिडी ओढायला उठला, तर कुणीतरी म्हणालं, "बरुबर लिवलंय का बघा हो, तुम्ही शिकलेले."

मी पुढं झालो. हात पाठीशी बांधले. वरून खाली बघितलं. "बरुबर हाय," म्हणालो. "गावाचं नाव बेस काढलंय."

पेंटरनं माझ्याकडं बघितलं. "काका, गावाचं नाव आजून यायचंय. हा जिल्हा हाय."

"म्हाईत हाय मला," मी म्हणालो. "पुढं बेस काढ म्हणून सांगून राहिलो."

लोक पुन्हा पाटीकडं बघू लागले. हसले असते तर बरं झालं असतं. पोरगी माझ्या शेजारी उभी होती. पाचवीत होती. तिनं पाटी वाचली, माझ्याकडं बघितलं आणि माझा हात सोडून मैत्रिणींत गेली.

त्याच संध्याकाळी मंडळी म्हणाली, "आता लातूर जिल्हा झाला. लातूरहून नांदेडला ढीगभर गाड्या हायत म्हणत्यात. चला आता माहूरला." या वेळी माझ्याकडं कारण उरलं नव्हतं.

आम्ही दोघंच निघालो. लातूर निभावलं. नांदेडची गाडी कंडक्टर ओरडतच होता. नांदेडच्या स्टँडवर मात्र माणसांचा नुसता लोंढा. मंडळी म्हणाली, "इचारा की कुनाला." विचारायचं कशाला, मी म्हणालो, पाट्या कशाला लावल्यात. आणि पाट्यांसमोरून मान वर करून चालू लागलो.

माझी एक तऱ्हा होती. पाटी वाचता येत नसली तरी माणसं बघून गाडी कळते. एका गाडीत बायका चढत होत्या. नव्या साड्या, हातात नारळ, हिरवे खण, हळदीकुंकवाच्या पुड्या. देवीला चाललेल्या बायका अजून कशा दिसतात? म्हणालो, "ही बघ माहूरची." चढलो. गर्दी एवढी, की कंडक्टर आमच्यापर्यंत येईतो गाडी गावाबाहेर पडली होती.

"कुठलं?" तो म्हणाला.

"माहूर. दोन."

"माहूर? आवो, उमरीची गाडी हाय ही. समद्या लग्नाला चालल्यात." त्यानं बायकांकडं हात केला. "फाट्यावर उतरा. माघारी गाडी मिळंल."

आसपासची माणसं वळून बघू लागली. मंडळी मांडीवरची पिशवी धरून माझ्याकडं बघत होती. उतरलो असतो तर वेळेवर नांदेडला पोचलो असतो. माहूरची गाडीही मिळाली असती.

मी म्हणालो, "मग उमरीच द्या. उमरीलाच काम हाय."

कंडक्टरनं खांदे उडवले आणि तिकिटं फाडली.

मंडळीनं तिकिटं पदराच्या टोकाला बांधली. मग हळूच म्हणाली, "उमरीला कोन्तं काम हाय?"

"हाय एक."

उमरीच्या स्टँडवर आम्ही झाडाखाली बसलो. लग्नाच्या बायका वाजंत्री असलेल्या बाजूला निघून गेल्या. मी उठून उगाच गावात एक चक्कर मारली, काम असल्यासारखी. एका दुकानात काडेपेटी घेतली. परत आलो तर ती तशीच, पिशवी मांडीवर. नांदेडला परतलो तेव्हा माहूरची शेवटची गाडी गेलेली होती. मी म्हणालो, रानात कामं पडलीत, पुढल्या वर्षी येऊ. ती हो म्हणाली. घरी येऊन तिनं खण पुन्हा पेटीत ठेवला. ओटी देवीला बोललेली, दुसऱ्या कुणाला देता येत नव्हती.

पुढल्या पावसाळ्यात गावात प्रौढशिक्षणाचा वर्ग निघाला, बायकांसाठी. दुपारच्या वेळी. जागा बौद्धवाड्यातल्या विहाराची, कारण गावात दुसरी सिमेंटची खोली नव्हती. आणि शिकवायला कोण, तर खडीच्या कामावरची तीच पोरगी. आता ती पोरगी नव्हती. मॅट्रिक होऊन बालवाडीची बाई झाली होती. घरोघर जाऊन नावं विचारत होती. आमच्या दारात आली तेव्हा मी ओसरीवर होतो. ती आतल्या बाजूला बघून म्हणाली, "काकी, यायचं का वर्गाला?"

मंडळी बाहेर आली. "येनार."

ती गेल्यावर मी म्हणालो, "तिथं जाऊन बसनार तू? त्यांच्यात?"

"हाव."

"लोक काय म्हनतील?"

"म्हनतील, हिला वाचायला येत न्हाई. खरंच येत न्हाई मला. त्यात काय?"

"मी हाय की घरात वाचायला."

तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मग म्हणाली, "तुम्ही नका येऊ. म्या जानार."

आमच्यातल्या आणखी दोघीतिघी तिच्यामागं गेल्या. ती रोज दुपारी भांडी उपडी घालून पाटी काखेत मारून निघायची. संध्याकाळी चुलीपुढं कोळशानं फरशीवर गिरवायची. भाकरी करपायची. मी काही बोललो की म्हणायची, "खावा तशीच." आमची पोरगी आईला मात्रा कुठं द्यायची ते सांगायची आणि दोघी हसायच्या. मी ओसरीवर बसून ऐकायचो. घरात मी शिकलेला होतो, आणि घरात मलाच ते हसणं कळत नव्हतं.

वर्षभरानं ती म्हणाली, "चला. माहूर."

नांदेडच्या स्टँडवर तिनं माझ्या हातात पिशवी दिली आणि एकेका गाडीपुढं जाऊन उभी राहिली. मोठ्यानं वाचायची, एकेक अक्षर तोडून. माणसं धक्के मारून जायची. कुणी म्हणायचं, "बाई, बाजूला व्हा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावाकडची बाई भर स्टँडात पहिलीतल्या पोरासारखं वाचतीय, आणि तिच्या शेजारी मी, पटका बांधलेला गडी. म्हणालो, "इचार ना कुनाला तरी. लोक बघून राहिले."

"बघू द्या," ती म्हणाली. "थांबा. मला वाचू द्या."

ती थांबली, मी थांबलो. मा, म्हणाली. मग हू. मग र. मग सगळं एकदम म्हणाली आणि खिडकीतून कंडक्टरला विचारलंही, "माहूरचीच ना?" म्हणजे वाचता येऊनही तिनं विचारलं. विचारायला तिला लाज वाटली नाही. मी ते तिथंच उभा राहून बघितलं.

माहूरला पायऱ्या चढलो. तिनं ओटी भरली. पेटीत इतकी वर्षं राहून खणाच्या घडीवर रंग उडालेला होता. तिनं तो भाग आत दुमडला आणि देवीपुढं ठेवला. उतरताना अर्ध्यावर एका पायरीवर बसलो. माकडं नारळाच्या करवंट्या घेऊन पळत होती. ती पदरानं घाम पुसत म्हणाली, "एक इचारू?"

मला माहीत होतं काय विचारणार. इतकी वर्षं अडवून धरलेलं मी तिच्या आधीच बोलून टाकलं. "मला वाचता येत न्हाई गं. मराठी न्हाई येत."

"ते म्या इचारलं न्हाई," ती म्हणाली. "तवा, त्या दिसात, डाक्टर येनार हाय असं तुम्हाला खरंच वाटलं व्हतं का?"

मी खालच्या पायऱ्यांकडं बघत बसलो. अक्षर न येणं मी कबूल केलं होतं, त्यात मला केवढं मोठं काही केल्यासारखं वाटत होतं. तिला त्याचं काहीच नव्हतं.

"न्हाई वाटलं," मी म्हणालो. "बायकांची तोंडं उतरली व्हती म्हणून बोललो."

"तोंडं उतरली म्हणून," ती म्हणाली. माझेच शब्द, जसेच्या तसे. मग उठली, पदर खोचला. "चला. गाडी चुकंल."

रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं. रागाला उत्तर देणं मला येतं. परतीच्या वाटेवर ती खिडकीशी बसून येणाऱ्या प्रत्येक गावाची पाटी वाचत होती. एखादी हुकली की मान वळवून मागं बघायची. मला एकदाही म्हणाली नाही, की हे बघा, असं असतं.

गडीमाणसांचा वर्ग पुढच्या साली निघाला, त्याच विहारात. गावातून पाच-सहाच जण आले. मी दोन दिवस विहारावरून नुसता चालत गेलो. तिसऱ्या दिवशी आत गेलो आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीशी बसलो. पायातल्या वहाणा बाहेर काढताना मंडळी पलीकडच्या नळावर होती. तिनं बघितलं आणि घागरीत लक्ष घातलं.

बाई पाट्या वाटत होती. सगळ्यांच्या हातात देत होती. माझ्यापाशी आली, थांबली, आणि पाटी माझ्यापुढं खाली ठेवली. आदळली नाही. व्यवस्थित ठेवली. मग दोन पावलं मागं सरकून उभी राहिली, मी उचलायची वाट बघत. मी लिंबाखाली जे केलं होतं, ते तिला पाठ होतं. मला वाटलं, उठावं. शाळेतून एकदा उठलो होतो, तसं उठणं मला जमणारं होतं.

मी पाटी उचलली.

"काका, येत आसंल ते काढा," ती सगळ्यांना म्हणाली तसंच मलाही म्हणाली.

पेन्सिल तिच्या हातात होती. मी हात पुढं केला. ती जरा घोटाळली. खाली ठेवू की हातात देऊ, ते तिला कळेना, आणि मी हात मागं घेतला नाही. तिनं पेन्सिल माझ्या बोटांत दिली.

किती वर्षांनी मी काही लिहीत होतो. हात आपोआप पाटीच्या उजव्या कडेला गेला आणि माझं नाव उतरलं. ते जुनं वळण तसंच होतं, ठिपक्यांसकट. शेजारचे गडी वाकून बघू लागले. बाईही वाकली.

"हे काय काढलं काका?"

"माझं नाव. आमच्या टायमाच्या शाळंत असं शिकवायचे. उर्दू."

ती पाटीकडं बघत राहिली. "मग तुम्हाला लिवता येतंय की," ती म्हणाली. "हे मला न्हाई येत." आणि मग, आवाज न चढवता, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं म्हणाली, "मग त्या दिशी असं कामून न्हाई सांगितलं? बोट उलटं न्हाई, माझी शाळाच तिकडून हाय म्हणून? कुनी हसलं नसतं."

मी पेन्सिलीचं टोक पाटीच्या चौकटीवर घासत राहिलो. तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग माझं नाव न पुसता, पाटीवर डाव्या कडेला एक ग काढून दिला आणि पुढच्या माणसाकडं गेली.

त्यानंतर मी मराठी शिकलो. पेपर वाचतो, पाट्या वाचतो, हेही लिहितो आहे. बाई नोकरीतून निवृत्त झाली. बाजारात भेटली की मी रामराम करतो, ती जयभीम म्हणते, आणि दर वेळी मला वाटतं, तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर आज द्यावं. उत्तर अवघड नाही. शिकलेला म्हणवून घ्यायचं होतं, एवढंच आहे ते. ती भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत उभी राहते. मी घरच्यांचं विचारतो, यंदाच्या पावसाचं बोलतो, आणि ती निघून जाते.